तेरवीचं कापलेलं बोलणं

पेढी नदीचा पूल मागे पडला तरी दुर्गाबाईंचा पाय काही सैल पडेना. नवरात्रात वलगावहून अमरावतीच्या अंबादेवीला अनवाणी चालत जायचा त्यांचा नेम. शेजारची भावना दरवर्षी सोबत असायची, आणि दुर्गाबाई तिला वाटभर हसवायच्या. आज झेंडूच्या हारांची टोपली या हातातून त्या हातात करत त्या नुसत्या पुढं धावत होत्या.

"काकू, देवी काय पळून चालली का?" भावना मागून ओरडली.

"देवी नाही पळत. सोमवार पळत येऊन राह्यला."

सोमवारी कोर्टाची तारीख होती.

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन खोल्यांचं घर आणि मक्त्यानं केलेलं फुलांचं वावर, एवढ्यावर दुर्गाबाईंनी संसार ओढला. वडिलांच्या तेरवीला पाहुण्यांसमोर भाऊ देवमननं विचारलं, "ताई, बाबाच्या वावरातल्या तुह्या हिश्शाचं काय?" तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मले वावरातलं काही नको." दुर्गाबाईंची अकोटची आत्या आजारी, तिला दाखवायला म्हणून भावनानं ते सगळं मोबाइलवर घेतलं आणि देवमनलाही पाठवलं. पुढं त्यानं आईला आणून दुर्गाबाईंच्या दारात सोडलं. आईसाठी म्हणून दुर्गाबाईंनी हिस्सा मागितला, तर पठ्ठ्यानं कोर्टात तेवढं एकच वाक्य ऐकवलं. त्या वाक्याला लागूनच त्या म्हणाल्या होत्या, "पण आईले मरेस्तोवर सांभाळशीन तवाच. नाही तं माहा हिस्सा माह्यापाशी." ते त्यानं कापलं.

भावनाच्या जुन्या मोबाइलमध्ये मात्र सगळं तसंच होतं.

"मंग आता भ्यायचं काहून, काकू? आपल्यापाशी तं पूर्ण हाय."

"पूर्ण हाय, म्हणूनच."

मग भावनाला आठवलं. त्याच्याही पुढं दुर्गाबाई रागानं बोलल्या होत्या, "माह्या दारात तिले आणू नको. तिनं जन्मभर पोराचंच केलं, मी मेली का जगली पाह्यलं नाही." आई तेव्हा आतल्या खोलीत, कपाळ नुकतंच पुसलेलं, कोपऱ्यात बसली होती. तिच्या कानावर यातलं काही गेलं नव्हतं.

"वकीलताईले सांगा ना, तेवढं सोडून द्या म्हणून."

"सांगतलं. त्या म्हणे, मंग आपल्यात अन् देवमनमधी फरक काय राह्यला? अन् त्याचा वकील काय झोपला हाय?" दुर्गाबाईंनी टोपली पुन्हा हात बदलून धरली. "अन् बुढी कालपासून नवं लुगडं काढून बसली. म्हन्ते, माह्या पोरीची केस हाय, मी येतो कोर्टात."

मनातल्या मनात भावनानं अंबादेवीचं नाव घेतलं.

अमरावतीची घरं लागली तेव्हा दुर्गाबाई पहिल्यांदा थांबल्या. टोपली त्यांनी भावनाच्या हातात दिली.

"भावने, एक करशीन? घरी गेल्यावर तू आईजवळ बस अन् ते अख्खं दाखव तिले. चारचौघात आयकन्याच्या आंधी. माह्याच्यानं होत नाही. मी वावरात फुलं तोडत राहीन." मग पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "अन् ती रडली तरी मधात बंद नको करू."