बर्फाच्या खोलीत आम्ही तिघी

हे गेल्यावर दोन-अडीच महिन्यांनी लेकीचा पुण्याहून फोन आला. "मम्मी, तू आन् आज्जी थोडे दिवस इकडं या. घरात बसून काय करायल्यात तुमी दोघी?"

खरं म्हणजे आम्ही काहीच करत नव्हतो. दिंद्रुडच्या पेठेतलं आमचं किराणा दुकान दिरांनी पुन्हा उघडलं होतं. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. भाकरी करायची, थोडी खायची, उरलेली झाकून ठेवायची, एवढाच दिवस. यांना छातीत दुखायला लागलं आणि बीडला पोचायच्या आत गाडीतच सगळं संपलं. तेव्हापासून मला माणसांचं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू येई. भेटायला आलेल्या बायका एकमेकींना म्हणायच्या, "हिला रडवा गं, न्हाई तर मनाला लावून घेईल." एक-दोघींनी प्रयत्नही केला. मला रडू आलं नाही. आत्याबाईंनाही आलं नाही. पोटचा पोरगा गेला तरी म्हातारी कोरडीच, असं लोक म्हणाले असतील. म्हणू देत.

आम्ही पुण्याला गेलो. 'जायचं का?' असं मी विचारलं नाही आणि 'कावून?' असं कारण त्यांनीही विचारलं नाही. पिशव्या भरल्या आणि एसटीत बसलो.

लेक तिथं कंपनीत नोकरीला आहे, दुसऱ्या पोरींसोबत रूम घेऊन राहते. तिनं रजा काढली होती आणि आम्हाला काय काय दाखवायचं हे ठरवून ठेवलं होतं. "आज्जीनं असलं कधी बघितलं नसंल," ती सारखी म्हणत होती.

पहिल्यांदा तिनं छोट्या रेल्वेगाड्यांच्या संग्रहालयात नेलं. मोठ्या टेबलावर अख्खं गाव मांडलं होतं. डोंगर, बोगदा, स्टेशन, फलाटावर तांदळाएवढी माणसं. तिथल्या माणसानं बटण दाबलं की गाडी निघायची, बोगद्यात शिरायची, पुन्हा फलाटावर येऊन थांबायची. आत्याबाईंनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "परळीला जाती का ही?" शेजारच्या बाई हसल्या. आत्याबाईंनी गंमत केली की खरंच विचारलं, मला कळलं नाही. मी फलाटावरच्या माणसांकडं बघत होते. गाडी येत होती, जात होती, ती माणसं तिथंच उभी होती. त्याचंही मला काही वाटलं नाही. फक्त दिसलं.

मग एका मोठ्या मॉलमध्ये गेलो. तिथं एका अंधाऱ्या हॉलमध्ये भिंतींवर आणि जमिनीवर उजेडाची चित्रं हलत होती. आधी सूर्यफुलांचं शेत आलं, मग समुद्र. लाट पायापाशी आली तशी आत्याबाईंनी लुगडं दोन्ही हातांनी वर धरलं. लेकीनं आमचा फोटो काढला. आम्ही दोघी त्यात रेशनच्या रांगेत उभ्या असल्यासारख्या दिसतो.

त्याच्या पलीकडं आरशांचा भुलभुलैया होता. आत जाताना हातमोजे देतात, आरशांवर डाग पडू नयेत म्हणून. लेक पुढं, मधे आत्याबाई, मागं मी. दोन वळणं झाली असतील, तेवढ्यात मी एका आरशाला धडकले. कपाळ चोळून वर बघते तर पुढं कुणीच नाही. सगळीकडं मीच. पांढऱ्या हातमोज्यांतल्या, मोकळ्या कपाळाच्या कितीतरी बायका माझ्याकडं बघत होत्या.

आणि मग आत्याबाईंचा आवाज आला. "दादा! आरं दादा, मी हितं हाय!"

दादा म्हणजे हे. घरात थोरले म्हणून आत्याबाईसुद्धा त्यांना दादाच म्हणायच्या. यात्रेत, बाजारात, दवाखान्यात, कुठंही चुकलं की आत्याबाई एका जागी उभ्या राहून अशीच हाक मारायच्या आणि हे गर्दीतून यायचे. आताही त्या हाक मारत होत्या. एकदा, दोनदा. मग आवाज एकदम थांबला.

मी हात पुढं करून, आरसे चाचपत गेले. सापडल्या तेव्हा त्या खाली बसल्या होत्या, पाय लांब करून, अंगणात बसल्यासारख्या. त्यांच्या चारी बाजूंना त्याच. मी शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. समोरच्या आरशातल्या मला म्हणाल्या, "सवय हाय गं तोंडाला."

"हं," मी म्हणाले.

शेवटी लेक तिथल्या एका मुलीला घेऊन आली आणि तिनं आम्हाला बाहेर काढलं. लेकीचा चेहरा उतरला होता. "आता बास. रूमवर जाऊ," ती म्हणाली. तर आत्याबाईच म्हणाल्या, "राह्यलंय ते बी दाव. एवढ्या लांब आलाव."

राहिली होती बर्फाची खोली. बाहेर जाड कोट आणि बूट देतात. आत्याबाईंच्या गळ्यात इष्टलिंग असतं, ते सांभाळून मी त्यांच्या कोटाची चेन वर ओढली. आत मोठ्यानं गाणी लावली होती. प्लास्टिकचे पेंग्विन, निळे दिवे, बर्फावरून घसरणारी पोरं. नाकातून आत जाणारी हवा टोचत होती. आत्याबाई बर्फाच्या बाकावर बसल्या, वाकून मूठभर बर्फ उचलला आणि तसाच हातात धरून राहिल्या.

"खाली मातीत बी असंच गार असंल का गं?"

आमच्यात जाळत नाहीत. यांना आमच्याच शेतात, विहिरीच्या कडेला बसवून माती दिली होती. आत्याबाई काय विचारतात ते मला लगेच कळलं. त्यांच्या मनात हे किती दिवसांपासून होतं कुणास ठाऊक.

"न्हाई आत्याबाई," मी म्हणाले. "आपली काळी माती हाय. दिवसभर तापती. आत ऊब असती."

"खरं?"

"खरं."

मला काहीच माहीत नव्हतं. पण बोलताना माझा आवाज मलाच स्पष्ट ऐकू आला. आत्याबाईंनी मूठ उघडली, बर्फ खाली टाकला आणि हात लुगड्याला पुसला.

मागं लेक उभी होती. तिनं ते ऐकलं असावं. ती तशीच वळली आणि बाहेर निघून गेली. आम्ही गेलो तर बूट परत द्यायच्या जागी, बाकड्यावर, एक बूट पायात आणि एक हातात घेऊन ती हमसून हमसून रडत होती. लोक बाजूनं जात होते.

"मला वाटलं तुमाला जरा बरं वाटंल," ती म्हणाली. "मला तर हितं कुणासमोर रडता बी येत न्हाई. रूमवर दुसऱ्या पोरी असत्यात. ऑफिसात कुणाला सांगू?"

तिचेही वडील गेले होते. दिवस झाल्यावर ती लगेच कामावर गेली होती आणि रोज संध्याकाळी फोनवर आम्हालाच विचारायची, जेवलात का. तिला तसं उलटून कुणी विचारलं होतं का, मला आठवेना.

मी तिचं डोकं पोटाशी धरलं. माझ्या हाताला गारठ्यामुळं काही समजत नव्हतं, केस आहेत की कोट. आत्याबाई खाली बसल्या आणि तिच्या पायातला दुसरा बूट काढायला लागल्या. त्याचं बक्कल त्यांना जमेना. "कसला बूट केलाय ह्यो," असं म्हणत त्या ओढत राहिल्या. रडता रडता लेकीनं पाय पुढं केला.

लेकीनं रजा वाढवून घेतली आणि परतताना आमच्यासोबत दिंद्रुडला आली. मला रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. लेक मात्र आठवडाभर दुपारच्या दुपार झोपायची. आत्याबाई दारात बसायच्या आणि कुणी भेटायला आलं, की आधी बोट ओठावर ठेवायच्या. "हळू बोला," म्हणायच्या. "पोरगी निजलीय."