दारावरचा नंबर

माझा जन्म मुरबाडकडच्या एका वीटभट्टीवर झाला आणि संसार शहापुरात, तानसाजवळच्या पाड्यावर. जन्माची नोंद कुठेच नाही. दाखला मागितला की मुरबाडचे साहेब म्हणायचे, राहता तिथे जा. शहापूरचे म्हणायचे, जन्मलात तिथे जा. मी इतक्या खेपा घातल्या, की आटगावचा रिक्षावाला मला न विचारताच तहसील कार्यालयाशी उतरवायचा.

मुलगी सातवीत होती. आठवीला वसतिगृहात घालायचं तर आईबापाचा रहिवासी दाखला हवा. तो नाही मिळाला तर पोरगी आमच्याबरोबर भट्टीवर चिखल तुडवणार, हे मला ढळढळीत दिसत होतं.

तलाठी म्हणाला, घर बघून पंचनामा करतो. आला तो ऐन पौषात, भट्ट्यांच्या हंगामात. आम्ही मुलीला घेऊन म्हसा गावाजवळच्या भट्टीवर, ती हंगामापुरती तिथल्याच शाळेत, आणि इकडे घराला दार नाही. आमच्यात भट्टीवर जाताना दार काढून बरोबर नेतात. कुडाच्या भिंती कोण नेतो? पण दार सागाचं, आणि भट्टीवरच्या खोपीलाही ते लागतंच. ग्रामपंचायतीने घराचा नंबर नेमका त्याच दारावर रंगवलेला. तलाठ्याने लिहिलं, घर ओसाड, नंबर आढळला नाही.

माझं डोकं फिरलं. नवऱ्याला घेतलं, दार टेंपोत टाकलं आणि थेट शहापूरच्या कार्यालयात नेऊन भिंतीला टेकवलं.

"ह्यो बघा नंबर. आमी बेघर नाय."

कारकून हसला. "दार आणलंस, घर कुठाय?"

त्याच दिवशी दार घराला बसवलं, कुलूप घातलं. भट्टीवरच्या खोपीला गोणपाट लावलं. तलाठी पुन्हा येऊन गेला आणि लिहिलं, घर बंद, कोणी राहत नाही. घरात माणूस दिसलं पाहिजे, म्हणे. भट्टीवर काम नवराबायकोच्या जोडीला मिळतं, एकट्याला मालक ठेवत नाही. मग मुलीलाच पाड्यावर ठेवलं. निजायला शेजारच्या काकीकडे, दिवसभर आमच्या उंबऱ्यावर. दीड महिना शाळा बुडाली. शाळेसाठी शाळा बुडवणारी आई मीच, याची मला आजही चीड येते.

एका दुपारी तलाठी आला. पुढचं काकीने सांगितलं. त्याने नंबर उतरवून घेतला, दाराचा फोटो काढला आणि मुलीला दटावलं, "शाळेच्या वेळेला घरी काय करतेस गं?"

ती म्हणाली, "तुमचीच वाट बघते, साहेब."