मधली जागा

सरकाभाऊंनी फोटो काढताना "हसा" असं कधी कोणाला म्हटलं नाही. ते म्हणत, "सरका." एक डोळा कॅमेऱ्याला लावलेला, डावा हात हवेत, आणि त्या हाताच्या इशाऱ्यावर पन्नाशी उलटलेली माणसं शाळेतल्या पोरांसारखी इकडून तिकडे होत. "तुम्ही नाही, शेजारचे. सरका. अजून." मस्कतच्या आमच्या मराठी मंडळात त्यांनी वीसेक वर्षं गणपती, कोजागिरी, दिवाळी, संक्रांत, मुलांच्या वेशभूषा स्पर्धा, जानेवारीतली सहल असं सगळं टिपलं, आणि तेही फुकट. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. ते अजून तिथेच आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे.

पोटासाठी ते एका मोठ्या कंत्राटदार कंपनीच्या व्हिसा विभागात काम करत. मस्कतच्या रुवी भागात कंपनीची कचेरी होती, तिथे तळमजल्यावर त्यांचं टेबल. आमच्या मंडळातले निम्मे पुरुष त्याच कंपनीत होते, माझा नवरा श्रीधरही. सरकाभाऊंची बायको आणि दोन मुली सांगलीला, आणि ते रुवीतच एका खोलीत आणखी दोघांबरोबर राहत. सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून ते हॉलवर हजर होत, सजावट करणाऱ्यांच्याही आधी.

जीभ मात्र तिखट. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आत यायची परवानगी असलेले ते एकमेव पुरुष, पण त्याबद्दल त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. काळ्या साड्या नेसून आम्ही ओळीने बसायचो आणि ते भिंगातून बघत एकेकीचा समाचार घ्यायचे. आमच्या अध्यक्षांच्या पत्नीने एकदा नवा हार घातला होता. तिला म्हणाले, "वहिनी, हार पुढे घ्या. चेहरा मागे राहिला तरी चालेल." ती बिचारी खरंच मान मागे घेऊन बसली. फोटोत हार छान आला.

मुलांच्या वेशभूषा स्पर्धेतही तेच. मावळा झालेला एक चार वर्षांचा मुलगा स्टेजवर जाऊन मोठ्याने रडला, मिशी गालावर पसरली. सरकाभाऊंनी नेमका तोच फोटो मोठा करून फलकावर लावला. मुलाची आई भांडायला आली तर म्हणाले, "रडताना मूल स्वतःसारखं दिसतं. हसायला लागलं की आईसारखं दिसतं." आम्ही सगळे हसलो. दुसऱ्याचं मूल होतं ना.

पण सरकाभाऊंची खरी कीर्ती झाली ती गणपतीच्या समूहफोटोमुळे. शेवटच्या दिवशी आरतीनंतर सगळं मंडळ गणपतीपुढे उभं राहायचं आणि तो फोटो पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेवर छापला जायचा. ती घराघरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागायची, रुवीतल्या वाण्याकडे लागायची. आता गणपती ते दिनदर्शिका या मधल्या तीन-चार महिन्यांत दोन-तीन कुटुंबं हमखास कमी होत. कोणाची नोकरी गेली, कोणाचा व्हिसा पुढे वाढला नाही, की खलास, गाशा गुंडाळायचा. अध्यक्षांचं म्हणणं असं, की गेलेल्यांची तोंडं वर्षभर बघत फोडणी कोण देणार? त्यांना फोटोतून काढा. मी मंडळाची चिटणीस. फोटोखालच्या नावांची यादी माझ्याकडे असायची. मी ती नावं खोडत असे आणि मला त्यात काही वाईट वाटलं नाही. आखातात नोकरी जाण्याला माणसं साथीच्या रोगासारखी भितात. झालेल्याच्या फार जवळ बसत नाहीत.

फोटोतून माणसं काढायचं काम अर्थातच सरकाभाऊंचं. त्यावर त्यांनी एक सोय शोधून काढली होती. ते एकदा मला म्हणाले, "मधला माणूस काढला की फोटो दात पडल्यासारखा दिसतो. कडेचा कापला की कोणाला पत्ता लागत नाही." कंपनीतल्या कोणाचा व्हिसा रद्द व्हायचा आहे, ते कागद सगळ्यांच्या आधी त्यांच्याच टेबलावर येत. मग फोटोच्या वेळी ते त्या माणसाला हळूहळू सरकवत कडेला नेत, म्हणजे पुढे कापायला सोपं. यात त्यांचा दुष्टपणा किती आणि कामाचा आळस किती, हे मला आजही सांगता येत नाही.

हे आधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं ते खतीबभाईंच्या. खतीबभाई मूळचे रत्नागिरीचे, कंपनीचं भांडार सांभाळायचे, आणि एकही वस्तू हरवू न देण्याची त्यांना सवयच होती. रुस्ताकच्या सहलीला गेलो असताना, किल्ल्याच्या सावलीत जेवणं झाल्यावर त्यांनी मला मोबाइलवर फोटो दाखवले. गणपतीत काढलेले आणि दिनदर्शिकेत छापलेले, शेजारी शेजारी. "वैनी, जरा बगा. तीन वर्षांचे फोटो हायत. जो कडेला, तो गेला." संध्याकाळी बस रुवीला पोचेपर्यंत ही म्हण सगळ्या मंडळाची झाली होती.

त्यानंतरच्या गणपतीत कडेला गेले लोपीस अंकल. वसईचे, कंपनीच्या अतिथीगृहात आचारी. घरात येशूची तसबीर, पण आरतीला ढोलकी त्यांच्याशिवाय वाजत नसे. सरकाभाऊंचा हात हवेत गेला. "लोपीस, सरका. अजून थोडं." लोपीस हसत हसत सरकत गेले, पार डाव्या टोकाला. हॉलमधल्या सत्तर माणसांना कळलं आणि त्या नवरा-बायकोला तेवढं कळलं नाही. कारण ती दोघं सहलीला आली नव्हती आणि त्यांना ती म्हण कोणी सांगितलीच नव्हती. आम्ही सगळ्यांनी बघितलं आणि प्रसादाच्या रांगेत उभे राहिलो. त्यांची बायको रोझी माझ्या पुढेच होती. ती म्हणाली, "सासूला नाताळला इकडे आणायचं मनात आहे. आणू ना?" मी म्हटलं, "आणा की." नाताळाच्या आधीच ते सगळे वसईला परतले. जात्यातले रडतात, सुपातले हसतात. मी तेव्हा सुपात होते आणि चांगली हसत होते.

पुढच्या वर्षी कंपनीत कुजबुज सुरू झाली. श्रीधर नियोजन विभागात होता आणि तोच विभाग कमी होणार, असं म्हणत होते. त्याच सुमारास पुण्यातल्या त्याच्या एका मित्राचा फोन आला. त्याच्या बांधकामाच्या व्यवसायात श्रीधरच्या जोगी जागा होती, पण महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. आमची अन्वी बारावीला. इथली नोकरी टिकणार असेल तर मार्चपर्यंत हलायचं नव्हतं. टिकणार नसेल तर पुण्याची जागा सोडणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं. प्रश्न एवढाच होता, आणि उत्तर तळमजल्यावरच्या एका टेबलाच्या खणात होतं.

त्या भाद्रपदात सरकाभाऊंना अकरा घरची जेवणं झाली. कोणी उकडीचे मोदक डब्यात घालून खोलीवर पाठवले, कोणी कॅमेऱ्याची नवी पिशवी दिली. ज्यांनी कधी त्यांना चहा विचारला नव्हता ते "भाऊ, गाडीने सोडतो" म्हणू लागले. ते सगळं खात होते, सगळं घेत होते आणि काही बोलत नव्हते. मी त्यांना जेवायला बोलावलं नाही. मी शहाणी, मी थेट कचेरीत गेले. हातात नावांची यादी होती, म्हणजे निमित्त होतं.

ते कोणाच्या तरी अर्जावर फोटो चिकटवत होते. मी म्हटलं, "भाऊ, यंदा श्रीधरला मध्ये उभं करा."

"मध्ये म्हणजे नेमकं कुठे?"

"अगदी गणपतीसमोर. पोरगी बारावीला आहे हो." एवढं बोलून मला रडू आलं. ठरवून नव्हतं, पण आलं.

त्यांनी बोटाचा डिंक कागदाला पुसला आणि "बरं" म्हणाले. कचेरीच्या दारातल्या पायऱ्या मी चालत नाही, उडत उतरले.

फोटोच्या दिवशी त्यांनी श्रीधरला दंडाला धरून गणपतीपुढे आणून उभं केलं. सगळ्यांच्या माना वळल्या. खतीबभाईंनी तर त्याचा हात हातात घेऊन "मुबारक" म्हटलं. परतताना गाडीत अन्वी म्हणाली, "आई, अंकलने बाबाला सेंटरला ठेवलं, सो वी आर सेफ ना?" श्रीधर तिला हसला. अभियंता माणूस, फोटोवरून नोकरी ठरते यावर त्याचा विश्वास असायचं कारण नव्हतं. पण घरी पोचल्यावर त्यानेच पुण्याला फोन लावला आणि मित्राला नाही म्हणून सांगितलं. मी शेजारी उभी होते.

दिवाळी संपल्यावर चौथ्या दिवशी श्रीधरला पत्र मिळालं. एक महिना. पुण्याच्या मित्राला पुन्हा फोन केला तर तो म्हणाला, "अरे, मी तुझ्या 'हो'ची वाट बघत होतो. आता माणूस घेतला." अन्वीची परीक्षेपर्यंत मस्कतच्याच मदिनत सुलतान काबूस भागात एका मैत्रिणीकडे राहायची व्यवस्था केली. ज्या बायका मला रोज फोन करायच्या त्या मेसेज पाठवू लागल्या, आणि त्यातही हात जोडलेली चित्रं जास्त. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर चित्रही पाठवलं नसतं.

मी पुन्हा त्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो. गणपतीच्या महिनाभर आधीच कागद आला होता."

"मग सांगितलं का नाही?"

ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुम्ही जागा मागितलीत, मी जागा दिली. खबर मागितली असतीत तर खबर दिली असती. कोणीच मागत नाही. इतकी वर्षं झाली, एकानेही येऊन विचारलं नाही की भाऊ, खरं काय ते सांगा. जेवायला घालतात."

ते पुढे म्हणाले, "तुम्ही रडलात, म्हणून मी पहिल्यांदा कोणाचं तरी ऐकलं. श्रीधररावांना कडेला उभं केलं असतं तर तुम्ही पुण्याला गेला असतात. आता यापुढे ऐकणार नाही." तो माणूस माझ्यावर दया करायला गेला होता आणि त्याने आमचं वाटोळं केलं. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. स्वतःचा धरता येत नाही, हे एक कारण होतंच.

डिसेंबरपर्यंत चिटणीस मीच होते. नावांची यादी मी वेळेवर पाठवली, श्रीधरचं नाव वगळून. सरकाभाऊंनी त्याला फोटोतून काढलं आणि दोन्हीकडची माणसं जवळ आणून शिवून टाकली. मी फोटो भिंग लावून बघितला, सांधा सापडला नाही. दात पडल्यासारखं मुळीच दिसत नव्हतं. इतकी वर्षं ते उगाच स्वतःच्या कसबावर अविश्वास दाखवत होते.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी घंटा वाजली. दारात सरकाभाऊ, गळ्यात कॅमेरा. घर रिकामं झालं होतं, पडदे उतरले होते, एक स्टूल तेवढं उरलं होतं. मी दारातून बाजूला झाले नाही. ते माझ्या खांद्यावरून श्रीधरला म्हणाले, "श्रीधरराव, तिकडे अर्जांना फोटो लागतील. काढून देतो." श्रीधर म्हणाला, "या ना भाऊ." त्याने बंद केलेल्या बॅगेतून कोट काढला, चुरगळलेलाच चढवला आणि पांढऱ्या भिंतीपुढे स्टुलावर बसला. सरकाभाऊंनी दोन पावलं मागे जाऊन बराच वेळ त्याच्याकडे नुसतं बघितलं, मग एकदाच कळ दाबली. दुसरा काढूया का, असं मी विचारलं. "गरज नाही," म्हणाले. पाणीही न घेता गेले. संध्याकाळी चाळीस प्रतींचं पाकीट दाराखाली सरकवलेलं मिळालं.

आता पुण्यात येऊन दीड वर्ष झालं. अन्वी पास झाली, महाविद्यालयात जाते. श्रीधर दर आठवड्याला दोन-तीन अर्ज करतो आणि प्रत्येकाला तोच फोटो जोडतो. मी कितीदा सांगितलं, की चौकात स्टुडिओ आहे, दाढी करून जा, नवा काढ. तो ऐकत नाही. म्हणतो, "हाच चांगला आहे. मी असाच दिसतो." दिसतो, त्यात खोटं काहीच नाही. रिकाम्या घरात स्टुलावर बसलेला, सगळं कळून चुकलेला माणूस सरकाभाऊंनी जसाच्या तसा पकडला आहे. इतका खरा फोटो त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कोणाचा काढला नसेल. त्या माणसाला कोणी नोकरी देणार नाही. अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मीसुद्धा दिली नसती.