फळ्यावरची जाहीर सूचना

काल कुसुमकाकू चष्मा सावरून सोसायटीचा फळा वाचत होत्या आणि मी, म्हणजे सेक्रेटरी, खांबाआड उभा होतो. ‘जाहीर सूचना : सभासदांनी जिन्यात रांगोळी काढू नये.’ अक्षर माझंच. सबंध इमारतीत रांगोळी काढतात त्या एकट्या काकू.

त्यांनी मला पाहिलंच. ‘‘अरे, समोरच राहतोस. बेल वाजवून सांगितलं असतंस, तर पुसली असती की!’’

‘‘काकू, सूचना सगळ्यांसाठी आहे.’’

‘‘हो ना. सगळ्यांनी वाचली.’’

एकीला तोंडावर सांगायचा धीर नसला, की आम्ही शूर माणसं ‘जाहीर’ हा शब्द वापरतो. फळा मी लगेच पुसला. आज सकाळी काकूंच्या दारासमोरची फरशी कोरी होती. त्यांना चाहूल लागू नये म्हणून मी चपला हातात घेऊन जिना उतरलो.