दार दोनदा का लावलं

इन्साफबाई, लांबलचक मायने तुम्हाला कधीच आवडले नाहीत. "आधी बसता येईल अशी खुर्ची कर, मखमल नंतर लाव," म्हणायचात. म्हणून सरळ मुद्द्यावर येते. कैरोतलं ते शुब्रा वस्तीतलं काम राहिलंय. तुम्हाला सगळं माहीतच आहे, पण आता तुमचं नाव सांगितलं की लोक विचारतात, कोण इन्साफ? त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगते. तुम्ही ऐकत बसा, मध्ये चुका काढू नका.

आपलं दुम्यात म्हणजे नाईलच्या मुखाजवळचं सुतारांचं गाव. मासळीबाजारामागच्या गल्लीत तुमच्या वडिलांचं दुकान होतं. शाळेत शिकवायला यायचात तेव्हाही तुमच्या काळ्या कोटाला सरसाचा वास असायचा. पोरी नाकं मुरडायच्या, मीही. मग तुम्ही आम्हाला निबंध शिकवायला लागलात आणि वासाचं कुणाला काही वाटेनासं झालं.

तुमच्याआधी निबंध म्हणजे पाठांतर. 'सृष्टीसुंदरीने हिरवा शालू नेसला' हे वाक्य आम्ही वसंत ऋतूवर लिहायचो, पोस्टमनवर लिहायचो, सुवेझ कालव्यावरही लिहायचो. तुम्ही पहिल्याच दिवशी सगळ्या वह्या मिटायला लावल्यात.

"माझे वडील नव्या पोराला काय देतात? लाकूड?"

"नाही बाई," सनिय्या म्हणाली. तिचे तिन्ही काका सुतार. "आधी उस्तादाने केलेली खुर्ची देतात. सुटी करायला."

"मग?"

"मग ती तशीच्या तशी जोडायची. जोडता आली की आपलं लाकूड मिळतं."

"बास. आजपासून आपणही तेच करायचं."

छापून आलेल्या कथेतला एक उतारा तुम्ही फळ्यावर लिहायचात. लेखक म्हणजे उस्ताद. आम्ही तो हाताने उतरवायचा, मग सुटा करायचा. इथे वाक्य आखूड का? हा माणूस रडला असं लिहिलेलं नाही, मग तो रडतोय हे आपल्याला कळलं कसं? मग फळा पुसून तो जसाच्या तसा जोडायचा. आणि शेवटी त्याच सांध्यांवर आपलं लाकूड, म्हणजे आपलं घर, आपली माणसं. एकेका उस्तादापाशी महिना महिना बसायचो. "उस्ताद काय म्हणतो?" असं तुम्ही विचारायचात, जणू तो मागच्या बाकावर चहा पीत बसलाय.

त्या हिवाळ्यात कैरोच्या एका लेखकाची पाळी होती. नवऱ्याला पुरून एक बाई घरी येते. 'तिने दार लावलं. पाव कोनाड्यात ठेवला. तिने दार लावलं.' एवढंच. दोनदा का? वर्गात नुसती मारामारी.

"लाकूड फुगलं असेल. पहिल्यांदा नीट बसलंच नसेल," सनिय्या म्हणाली.

"तुझ्या घरचं दार असेल तसलं! आधी नुसतं लोटलं, रोजच्यासारखं, तो मागून यायचा म्हणून. मग आठवलं की आता कुणी यायचं नाही," मी म्हणाले.

तुम्ही कुणालाच बरोबर म्हणाला नाहीत. "आता आपापल्या घरी जाऊन दार लावा," म्हणालात. माझा भाऊ नुकताच सैन्यात गेला होता. मी लिहिलं, 'आईने चार ताटं मांडली. भात वाढला. आईने एक ताट उचललं.'

आणि तेवढ्यात कैरोहून तपासणीस साहेब आले. अंगाने भारदस्त, मान कॉलरच्या बाहेर आलेली. फळा वाचला, माझी वही वाचली.

"ही चोरी आहे."

"शिकणं आहे, साहेब."

"आणि चोरी तरी कशाची? तेच वाक्य दोनदा, ही छापखान्याची चूक आहे. एक पुसा."

तुम्ही डस्टर हातात घेतलंत आणि तसंच टेबलावर ठेवलंत. "उस्तादाच्या वस्तूवर त्याला विचारल्याशिवाय रंधा फिरवत नाही मी."

"मग विचारा की! चूक नाही असं त्याच्या सहीचं पत्र आणा. महिनाअखेर अहवाल जाईल. पत्र आलं तर वर्ग तुमचा. नाहीतर शिवणकाम शिकवा."

तुम्ही त्या लेखकाला मासिकाच्या पत्त्यावर लिहिलंत, उत्तर नाही. स्वतः जाते म्हणालात तर मोठ्या बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं, बिनलग्नाची मास्तरीण परक्या पुरुषाचं घर शोधत फिरतेय, हे गावभर होईल!" शेवटी माझे बाबा कपाटांचा ट्रक घेऊन कैरोला निघाले, तेव्हा तुम्ही मला पाठवलंत. आरशांना गोधड्या गुंडाळलेल्या, त्यांच्यामध्ये मी. मासिकाच्या कचेरीतला दरवान म्हणाला, "साहेब बैरूतला. कधी येतील ते त्यांनाच ठाऊक." बाबांनी मला फूल-पाव, म्हणजे शिजवलेले वाल आणि पाव, खायला घातला आणि आम्ही परत आलो.

वर्ग गेला. तुम्ही काजं-बटणं शिकवायला लागलात. नव्या बाईंनी सृष्टीसुंदरीला पुन्हा शालू नेसवला. पण शुक्रवारी दुपारी, नमाजानंतर, तुमच्या वडिलांचं दुकान बंद असायचं तेव्हा आम्ही काही पोरी तिथे यायचो. भुशात पाय रुतवून, अर्धवट पलंगांवर बसून उस्ताद सुटे करायचो. तुम्ही मिश्शाबक, आपली ती जाळीदार जिलबी, आणायचात, बोटं पाकाने चिकट व्हायची, आणि "पुस्तकाला हात लावशील तर बघ!" म्हणून ओरडायचात. मी पुढे कॉलेजात खूप थोरामोठ्यांची व्याख्यानं ऐकली. पण आजही काही लिहिताना मला त्या भुशाचाच वास येतो.

गेल्या वर्षी तुम्हाला भेटायला आले. तुम्ही एवढ्याशा झाला होतात, पण डोळे तसेच. बसतेय न बसतेय तोच विचारलंत, "विदाद, त्या दाराचं विचारलंस का गं?"

"बाई, तो लेखक वारला. कधीच."

"मग बायकोला विचार! त्यांच्याच घरातलं दार असणार ते. बाईमाणसालाच ठाऊक असतं."

"शुब्रात राहते म्हणतात. नव्वदीची असेल. आणि आता विचारून काय करायचंय? वर्ग का परत मिळणार आहे?"

"वर्ग गेला खड्ड्यात. मला उत्तर हवंय. आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस, आपल्याकडचं मिश्शाबक ने. आणि तुझं ते मागून येणाऱ्या नवऱ्याचं आधी सांगू नकोस तिला. नुसतं विचार."

कैरोला माझ्या घरी परतल्यावर पत्ता शोधायला मला महिना लागला. पुतण्या दुम्यातहून मिश्शाबकाचा डबा घेऊन आला. शनिवारी सकाळी कोट चढवला होता, बूट घातले होते, तेवढ्यात सनिय्याचा फोन आला की तुम्ही पहाटे गेलात.

मी दुम्यातची गाडी पकडली. डबा शेजारणीच्या पोरांनी संपवला. शुब्राचा पत्ता कोटाच्या खिशात आहे. त्या लेखकाची बायको अजून आहे म्हणतात.