गजभिये सहीची वाट बघतात

धर्मराज गजभिये हुशार होते, याबद्दल ॲन आर्बरमध्ये कुणाचंच दुमत नव्हतं. पण इतक्या हुशार माणसानं तयार शोधनिबंध पाच महिने साहेबाच्या टेबलावर पडू द्यावा? कप्पाळ! हे असं का झालं, ते नागपूरपासून सांगावं लागेल.

वडील इंदोऱ्यात राहायचे, गिरणीत कामाला. छप्पन साली आठ वर्षांच्या धर्मराजला बोटाला धरून ते दीक्षेला घेऊन गेले आणि परत येताना म्हणाले, "आता फक्त शिकायचं." पोरगं शिकलं. अडुसष्टला सोव्हिएत शिष्यवृत्ती मिळवून थेट लेनिनग्राडला गेलं. एक वर्ष रशियन भाषा, मग प्रकाशाचं भौतिकशास्त्र, डॉक्टरेट आणि तिथल्याच प्रयोगशाळेत नोकरी. विषय जन्मभर एकच: लेझरच्या झोतानं आरशावरचा लेप जळतो, तो जळू नये म्हणून काय करायचं. मधे एकदा नागपूरला येऊन धर्मराजांनी सुजाताशी लग्न केलं. ती नर्स. तिलाही त्या बर्फात नेलं. मुलगी झाली, तिचं नाव रोशनी. प्रकाशाच्या शास्त्रज्ञाला दुसरं काय सुचणार होतं म्हणा!

लेनिनग्राडच्या प्रयोगशाळेत एक शिरस्ता होता. कुठलाही निबंध छापायला पाठवण्याआधी समितीपुढे जायचा. ‘यात गुपित काही नाही’ अशी समितीनं सही केली तरच तो दाराबाहेर पडायचा. सहीसाठी घाई करायची नाही, आठवणही करून द्यायची नाही, कारण केली की लोकांचे कान टवकारलेच. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं एकदा सहीविना निबंध पोस्टात टाकला. त्याला भांडारात काचा मोजायला बसवलं, ते कायमचं. धर्मराजांनी त्याचा असा धसका घेतला की विचारूच नका. वीस वर्षांत त्यांचे अकरा निबंध छापून आले, दोन समितीपुढेच अडकले. मग एक्क्याण्णवला देशच राहिला नाही, तिथं समिती कुठून राहणार? पगार थांबले. ते दोन निबंध पत्र्याच्या ट्रंकेत घालून, बायको-मुलीला घेऊन, त्र्याण्णवच्या हिवाळ्यात धर्मराज ॲन आर्बरच्या एका छोट्या खासगी लॅबमध्ये दाखल झाले.

तिथली साहेब लिंडा. वयानं दहा वर्षांनी लहान, आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, मला नुसतं लिंडा म्हणा. करार पंच्याण्णवच्या जूनपर्यंतचा. तोवर एक निबंध छापायला गेला की पुढची तीन वर्षं पक्की, नाहीतर गाशा गुंडाळा. नोकरी गेली की व्हिसाही गेला. रोशनी तोवर अकरावीत असणार, आणि परत जायला रशियातही घर उरलेलं नव्हतं.

धर्मराज कामाला भिडले. लेप चढवल्यावर काच किती हळू गार होऊ द्यायची, याचं उत्तर त्यांना चौऱ्याण्णवच्या ऑक्टोबरात सापडलं. त्यांचा आरसा इतरांच्या तिप्पट टिकायला लागला. त्या आठवड्यात हा माणूस चक्क गुणगुणत भाजी चिरत होता! निबंध टाइप केला, शेवटच्या पानावर सहीसाठी जागा सोडली आणि लिंडाच्या टेबलावर नेऊन ठेवला. दोन दिवसांनी तो परत आला, वर एक पिवळी चिठ्ठी, "फारच छान!" पण चिठ्ठी म्हणजे काही सही नव्हे. त्यांनी निबंध पुन्हा तिच्या टेबलावर ठेवला.

नोव्हेंबर गेला, नाताळ गेला.

"काऊन मूग गिळून बसता तुम्ही?" सुजाता वैतागायची. "जाऊन विचारा ना तिला सरळ!"

"साहेबाला असं विचारायचं नसतं, सुजाता."

"अहो, ही अमेरिका आहे! ती काय तुम्हाला खाणार आहे का?"

 खरं सांगू, या माणसाचा राग येतो. बाई सतरा वेळा समोरून जायची, हसायची, हवेबद्दल बोलायची. एका वाक्याचं काम होतं हो!

मार्चमधल्या एका सोमवारी लिंडा हातात नवं जर्नल घेऊन धावत आली. कॅलिफोर्नियातल्या तिघांनी तोच निष्कर्ष छापला होता. "तुमचं तर कधीच झालं होतं. मग पाठवलं का नाही?"

"तुमची सही व्हायची होती," धर्मराज म्हणाले.

"कसली सही?"

 धर्मराजांनी शेवटचं पान उघडून दाखवलं. लिंडा खुर्चीत बसली. तिला वाटलं होतं, ही प्रत आपल्याला ठेवायला दिली आहे. बिचारी करारासाठी मालकांशी भांडली, पण जूनमध्ये तो संपला तो संपलाच.

घर तरलं ते सुजातामुळे. तेव्हा नर्सांना व्हिसा मिळत होता. तिला न्यू जर्सीत हॉस्पिटलची नोकरी लागली आणि सगळे आयसेलिनला आले. बायकोच्या व्हिसावर नवऱ्याला काम करता येत नाही. सत्तेचाळीस वर्षांचे धर्मराज स्वयंपाक करत, ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून तूरडाळ आणत आणि कुणी विचारलं, काका, आपण काय करता, तर हसून पिशवी दुसऱ्या हातात घेत. रात्री सुजाता पाठीवर हात ठेवायची, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करत. लाज वाटत होती त्यांना. दुसरा शब्द नाही.

ऑक्टोबरात कळलं की रोशनीनं शाळेच्या विज्ञान स्पर्धेच्या फॉर्मवर वडिलांची सही स्वतःच ठोकून दिली.

"माझी सही? मला न विचारता?" धर्मराज इतके मोठ्यानं ओरडले की सुजाता ड्यूटीचे कपडे अर्धवट घालून बाहेर आली.

"Deadline was yesterday, बाबा! You were sleeping. What was I supposed to do, wait?"

धर्मराज खुर्ची ओढून बसले. मग त्यांनी विचारलं, "गेला का फॉर्म?"

"Yes."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि तिथंच, स्वयंपाकघरात, मुलीसमोर ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक उघडली. पहिला निबंध वाचून बाजूला ठेवला, तो केव्हाच शिळा झाला होता. दुसरा मात्र त्यांनी दोनदा वाचला, सहा आठवडे खपून इंग्रजीत उतरवला, लिफाफ्यात घातला, वर जर्नलचा पत्ता लिहिला आणि रजिस्टर करायला पोस्टात गेले. खिडकीतल्या बाईनं लिफाफा उलटसुलट केला. "पाठवणाऱ्याच्या जागी नुसता घरचा पत्ता लिहिलाय. कुठली कंपनी, कुठलं कॉलेज?"

"कुठलंच नाही," धर्मराज म्हणाले. "मी एकटाच आहे."

तिनं पावती पुढे सरकवली आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं. धर्मराजांनी सवयीनं एकदा मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग त्यांनी सही केली.