भिंतीवरची शिक्षा

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आमच्या घरात लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक. पण बालाघाटच्या, हिंदीत चालणाऱ्या कुटुंब न्यायालयात हेच तोंड आमच्या कामी आलं.

धाकट्या बहिणीला किरनापुरात दिली होती. नवरा चारचौघांत खालमानेनं बोलायचा, घरात हात उचलायचा. तिचं मनगट मोडलं त्या दिवशी ती जीव घेऊन माझ्याकडे आली. आठ वर्षांची पोरगी त्यानं ठेवून घेतली. पाच महिन्यांनी तिकडच्या शेजारणीचा फोन आला, पोरगी तापानं फणफणली आहे आणि दाराला बाहेरून कुलूप आहे. पोलिसांना घेऊन गेलो. केसांत उवा, फ्रॉकची पाठ उसवलेली, माठात थेंब पाणी नाही. आम्ही दोघी बहिणी तिथंच ढसाढसा रडलो. आणि हा बाबा म्हणतो काय, पोरगी माझी, मला परत द्या! केस टाकली त्यानं.

दरम्यान मी तिला आमच्या मोहल्ल्यातल्या शाळेत घालायला नेलं. गेटपाशी पोरगी मटकन खाली बसली.

“काहून वं? का झालं?”

“मी नाही जात. इथं शिक्षा करतेत. भिंतीवर लिवलं हाये.”

भिंतीवर निळ्या अक्षरांत होतं, ‘शिक्षा का अधिकार’. मला हसू आलं. खरंच हसले मी, अजून लाज वाटते. “अवं येडे, हिंदीतली शिक्षा म्हणजे शिकनं!” तिला कुठून कळणार? गावात सगळे पढ़ाईच म्हणतात, आणि मागचे पाच महिने तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. आत आली, पण माझा पदर शेवटपर्यंत सोडला नाही.

मग कोर्टाची तारीख आली. तिथल्या समुपदेशक बाई आधी पोरीशी एकटीशी बोलल्या होत्या आणि त्यांनी अहवाल हिंदीत लिहिला होता. बापाच्या वकिलानं त्यातली ओळ मोठ्यानं वाचली, “पिता रोज़ शाम को बहुत देर तक शिक्षा देते थे।” आणि लागला की सांगायला, बाप दिवसभर राबून पोरीला रोज शिकवायला बसतो, असा बाप कुठं मिळतो! बहीण माझ्याकडे बघायला लागली, चेहरा पांढराफटक. आणि तो? मान खाली घालून हो-हो करत होता. अरे, तुझीही बोली मराठीच ना? पोरगी काय बोलली ते तुला कळलं नाही?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठले. “मॅडमजी, ये वो शिक्षा नहीं है! हमारी मराठी में शिक्षा मतलब सज़ा!”

जजमॅडम म्हणाल्या, “बैठ जाइए।” बसले नाही. गेटपाशी काय झालं ते अर्ध्या हिंदीत, अर्ध्या आमच्या बोलीत सांगूनच टाकलं. वकील ओरडत होता, ये गवाह नहीं हैं. मॅडमनी अहवालातली ओळ पुन्हा वाचली आणि पोरीला आपल्या खोलीत बोलावलं. मला दारात उभं राहू दिलं, तेही तोंड बंद ठेवायच्या अटीवर.

“बेटा, शिक्षा कैसी होती थी? करके दिखाओ।”

पोरीनं चपला काढून नीट बाजूला ठेवल्या. कोपऱ्यात गेली. नाक भिंतीला लावलं, दोन्ही हात वर केले, एक पाय उचलला आणि उभी राहिली.

“कितनी देर?”

“बाबा जेवून उठेपर्यंत.”

मॅडमना आमची बोली थोडी तरी कळत असावी. “और तुम्हारा खाना?”

“शिक्षा असली तं नसते.”

मी पदर दातांत धरला होता. मॅडम म्हणाल्या, “बस बेटा, पैर नीचे रखो।” पोरगी हलली नाही. पाय थरथरत होता, तरी खाली येईना. पुन्हा सांगितलं, तरी नाही. मग भिंतीकडेच बघत ती म्हणाली, “‘झालं’ म्हना लागते.”

मॅडम खुर्चीतून उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “झालं, बेटा. झालं।” तेव्हा कुठं पाय जमिनीला लागला.

निकाल त्या दिवशी नाही लागला, कोर्ट ते कोर्टच. आणखी दोन तारखा पडल्या. शेवटी पोरगी आईकडेच राहील असा हुकूम झाला. बापानं भेटायचं ते कोर्टातच, समुपदेशक बाईंच्या समोर. बहिणीनं हुकुमाचा कागद पोरीच्या हातात दिला आणि तिला कवटाळून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत सोडायला मीच गेले. पोरगी त्या भिंतीपुढे थांबली. मला धडकी भरली, आता पुन्हा बसते की काय! पण ती बोट फिरवत एकेक अक्षर लावत होती.

“मावशी, अधिकार म्हणजे का?”

“आपल्या हक्काचं. कोनी आपल्याले नाही म्हनू शकत नाही, ते.”

तिनं जरा विचार केला. “मंग झालं तं,” म्हणाली, आणि माझा पदर सोडून आत पळाली.